दंतवैद्यकाचे शिक्षण आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात आरोंदा येथे केलेल्या भाषणाची लेखी प्रत)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस येथे बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. दरसाल ह्या मंडपात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो, नारळ आणि पाकीट हाती पडते, छायाचित्र निघते. मग मूल खाली उतरते आणि त्याचे आईबाप पुढच्या रांगेतल्या कोणा शिकलेल्या माणसास हळूच विचारतात, "आता ह्याला कोठे घालावे?" गेल्या वर्षी हा प्रश्न आम्हांस तीन ठिकाणी तीन कुटुंबांनी विचारला आणि तिघांच्याही मनात दंतवैद्यकाचा विचार होता. तिघांची माहिती अर्धवट होती, आणि त्यांतल्या एकाच्या बाबतीत तर वेळ निघून गेलेली होती. म्हणून तोच विषय आम्ही घेतला आहे. आम्ही स्वतः ह्याच व्यवसायात आयुष्य घालविले असल्यामुळे थोडे अधिक बोलणे झाले, तर सभेने ते सांभाळून घ्यावे.

प्रथम एक गैरसमज. आपल्याकडे मुलगा बीडीएसला गेला असे कळले की लोक सांत्वन केल्यासारखे बोलतात. "एमबीबीएसला लागला नाही वाटते?" हा ठरलेला प्रश्न. सोयरिकीच्या बोलाचालीत 'डॉक्टर' म्हणावयाचे आणि मग आवाज बारीक करून 'दातांचा' असे जोडावयाचे, हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. वस्तुतः दंतवैद्यक हा वैद्यकाचा उरलासुरला तुकडा नव्हे. तो स्वतंत्र विद्येचा प्रांत आहे आणि जगात त्याची स्वतंत्र महाविद्यालये १८४० पासून, म्हणजे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पहिले दंतमहाविद्यालय निघाले तेव्हापासून आहेत.

आपल्या देशातील आरंभाची हकीगत तर मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. डॉ. रफीउद्दीन अहमद हे गृहस्थ १८९० साली जन्मले. तरुणपणी ते अमेरिकेस गेले, १९१५ साली आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी त्यांनी मिळविली आणि नंतर बॉस्टन येथील फॉर्सिथ नावाच्या मुलांच्या दंतरुग्णालयात काम केले. १९१९ मध्ये ते परतले व पुढच्याच वर्षी कलकत्त्यास त्यांनी हिंदुस्थानातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. सरकारचे साहाय्य नव्हते, धनिकांचा आश्रय नव्हता. तेव्हा ह्या गृहस्थांनी काय करावे? त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे शीतपेयांचे दुकान काढले आणि त्याच्या उत्पन्नावर महाविद्यालय चालविले! गोड सरबताच्या पैशांवर दातांची विद्या शिकविली गेली, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. १९४९ साली त्यांनी ती संस्था राज्य सरकारच्या स्वाधीन केली आणि १९६४ साली त्यांस पद्मभूषण हा बहुमान मिळाला. मुंबईतही ह्या विद्येची सोय फार उशिरा झाली असे नाही. नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ सालचे आहे.

तत्पूर्वी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे दात काढणारा म्हणजे बाजारचा माणूस. चादर अंथरून, पुढे दातांची रास मांडून बसणारे लोक आपल्यापैकी वयस्क मंडळींनी पाहिले असतील. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, तेव्हा ह्या विद्येची पदवी घेतलेले आणि पदवीवाचून पाच वर्षांहून अधिक काळ ह्याच धंद्यावर पोट भरणारे, असे दोन वर्ग नोंदवहीत वेगळे करण्यात आले. पदवीधर 'अ' भागात, इतर 'ब' भागात. जुन्यांचे पोट मारले नाही. परंतु पुढे नवा माणूस पदवीवाचून येणार नाही, अशी व्यवस्था केली. १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन होऊन अभ्यासक्रमास एकसूत्रीपणा आला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला असून परिषदेची जागा आयोगाने घ्यावी, अशी त्याची योजना आहे. आईबापांनी लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की नियम बदलतात. शेजाऱ्याच्या मुलाने पाच वर्षांपूर्वी काय केले, ह्यावर विसंबू नये. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

आता शिक्षणाकडे वळू. बीडीएस हा चार वर्षांचा अभ्यास आणि त्यावर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता, अशी एकूण पाच वर्षे लागतात. पहिल्या दोन वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र हे विषय येतात. तिसऱ्या वर्षी सामान्य वैद्यक व शस्त्रक्रियाही शिकावी लागते. ज्यांस वाटते की दातांच्या डॉक्टरला शरीराचे काही ठाऊक नसते, त्यांनी ही यादी ध्यानात घ्यावी. मधुमेही रुग्णाची दाढ काढावयाची झाली म्हणजे तिचे महत्त्व कळते.

परंतु ह्या विद्येचे खरे वैशिष्ट्य हाताचे आहे. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याच्या हाती मेणाचा ठोकळा व कोरणी देतात आणि सुळा, दाढ, पटाशीचा दात हुबेहूब कोरावयास सांगतात. दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे नि खळगे मेणात उतरवता उतरवता पुस्तकी हुशारीची घमेंड उतरते! बारावीत अव्वल आलेला विद्यार्थी रडकुंडीस येतो आणि मागच्या बाकावरची अबोल मुलगी शांतपणे सुरेख दाढ कोरून ठेवते, असे आम्ही आमच्या वर्गातच पाहिले. नंतर प्लास्टरचे साचे, कवळीचे मेणकाम, बाहुल्याच्या तोंडात बसविलेल्या दातांवर भरणाचा सराव, असे करीत करीत तिसऱ्या वर्षी विद्यार्थी रुग्णाच्या खुर्चीशी जातो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळांवर रंगाचा हात फिरविणारे कारागीर आपण लहानपणापासून पाहतो. तसा हात, तशी नजर आणि तसा धीर ज्या मुलात आहे, त्याच्यासाठी ही विद्या आहे. गुणपत्रिका पाहण्यापूर्वी आईबापांनी एवढे पाहावे की मूल घरात काही जुळवते, शिवते, कोरते, दुरुस्त करते काय. चार तास एका जागी वाकून बारीक काम करण्याचा ज्यास कंटाळा, त्याला ह्या धंद्यात घालून त्याचे आणि रुग्णांचे हाल करू नयेत.

प्रवेशाचे दार एकच आहे, ते म्हणजे 'नीट' ही अखिल भारतीय परीक्षा. एमबीबीएसला जी, तीच बीडीएसला. २०१६ पासून तिला कायद्याचे बळ आहे. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे १८० प्रश्न, गुण ७२०. प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक नाही. आमच्या कानी असेही आले की राज्याची एमएचटी-सीईटी देऊन काही मुले बीडीएसच्या आशेवर बसली. ती परीक्षा अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी ह्यांसाठी. दंतवैद्यकास तिचा उपयोग नाही. बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र ह्यांत मिळून खुल्या वर्गास ५० टक्के आणि मागासवर्गीयांस ४० टक्के गुण हवेत. 'नीट'ची पात्रता मात्र पर्सेंटाइलमध्ये मोजतात. खुल्या वर्गास ५०, मागासवर्गीयांस ४०. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ५० पर्सेंटाइल ह्याचा अर्थ परीक्षेस बसलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागे राहिले एवढाच. शिवाय पात्र ठरणे निराळे आणि शासकीय महाविद्यालयात जागा मिळणे निराळे. दुसऱ्या गोष्टीस गुण पुष्कळच अधिक लागतात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय आरोंद्यातच बोलावयाचे ठरविले, ती सांगतो.

आपले गाव तेरेखोलच्या खाडीवर वसलेले. ह्या काठास महाराष्ट्र, पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. १९६१ पर्यंत ती परक्या राज्याची सरहद्द होती. पुढे सरहद्द नावाला उरली, किरणपाणीची तर जाऊन पूल झाला. बाजारहाट पलीकडे, नोकऱ्या पलीकडे, सोयरीक पलीकडे. दुखणे विकोपास गेले की आपले पाय आपोआप बांबोळीकडे वळतात. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरील रुग्णांस तेथे शुल्क लागू झाले, तेव्हा आपल्यास प्रथम जाणवले की पुलाच्या मध्यावर कोठेतरी रेघ आहे आणि ती पुसली गेलेली नाही. शिक्षणात ही रेघ त्याहून ठळक आहे.

आमच्या नात्यातील एक मुलगा. दहावी ह्याच काठावर झाली, गुण उत्तम. वडिलांची नोकरी पलीकडे असल्यामुळे अकरावीस त्याला पलीकडच्याच एका उच्च माध्यमिक विद्यालयात घातले. सोय चांगली, शिकवणी चांगली, बस दारातून जाते. कोणासही त्यात वावगे दिसले नाही. आम्हांसही नाही, हे आम्ही कबूल करतो. दोन वर्षांनी 'नीट'मध्ये त्यास असे गुण मिळाले की मुंबईस शासकीय दंतमहाविद्यालयाची आशा धरावी. अर्ज भरताना कळले की महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेली असावी लागतात, आणि वर अधिवासाचा दाखला. बारावी गोव्यात झाली म्हणून मुलगा महाराष्ट्राच्या यादीतून बाद. गोव्याच्या जागा दीर्घकाळ गोव्यात वास्तव्य असलेल्यांच्या. आमचे बिऱ्हाड आरोंद्याचे म्हणून तेथूनही बाद. त्या घरात जेवणे तशीच राहिली ती रात्र आम्ही विसरणार नाही. त्याचा बाप एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होता, "अहो, आम्ही पूल ओलांडला हो, दुसरे काय केले?" त्यात विद्यालयाचा दोष नाही, मुलाचा नाही. ज्यांना ठाऊक असावयास हवे होते अशा आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषकांसाठी आपल्या राज्याच्या नियमांत सवलत आहे. गोव्याच्या सीमेवरच्या आपल्यासारख्यांसाठी तशी नाही, कारण येथे वाद नाही! वाद नसणे हे सुलक्षण खरे. परंतु ते असे अंगावर येते. म्हणून आमचे सांगणे असे की ज्या मुलाच्या मनात वैद्यक वा दंतवैद्यक आहे त्याची अकरावी-बारावी, काही विशेष कारण नसेल तर, सावंतवाडी, वेंगुर्ले किंवा आपल्या काठावर जेथे विज्ञान शाखा असेल तेथेच करावी. ज्यांनी घरदार गोव्यात हलविले आहे, मुलांचे सारे शालेय शिक्षण तेथेच झाले आहे, त्यांनी उलट गोव्याच्या वास्तव्याचे कागद नीट करून ठेवावेत आणि बांबोळीच्या गोवा दंतमहाविद्यालयाकडे पाहावे. ते १९८० पासून चालू आहे. अडचण होते ती एक पाय ह्या काठावर व एक त्या काठावर ठेवणाऱ्यांची.

एक खिडकी सर्वांस उघडी असते. देशभरातील शासकीय दंतमहाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. तेथे अधिवासाची अट नाही. स्पर्धा मात्र साऱ्या देशाशी.

आपल्या राज्यात मुंबईचे शासकीय दंतमहाविद्यालय, महापालिकेचे नायर, नागपूरचे १९६८ साली निघालेले आणि छत्रपती संभाजीनगरचे, ही आम्हांस अधिक परिचयाची. आपल्या जिल्ह्यात शासकीय दंतमहाविद्यालय नाही. सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले, त्यामुळे पुढेमागे आशा करावयास जागा आहे. कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील खेड येथे खासगी महाविद्यालय आहे. आंबोलीचा घाट चढून गेले की बेळगावचे केएलई संस्थेचे महाविद्यालय १९८५ पासून आहे. अभिमत विद्यापीठांची फी मात्र अगोदर विचारून, दोनदा विचारून, मगच गाडीत बसावे.

कागदपत्रांविषयी थोडे. आपली ज्ञाती इतर मागास वर्गात असल्यामुळे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रिमिलेअरचा दाखला हे तिन्ही लागतात. वैधतेसाठी इतर मागास वर्गास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, जुने खरेदीखत असे काहीतरी. आपल्यापैकी कित्येकांचे जुने कागद सावंतवाडी संस्थानच्या काळातील, मोडी लिपीतील आहेत. काही घराण्यांचे पलीकडचे, पोर्तुगीज भाषेतील आहेत. ते वाळवी खाण्यापूर्वी ट्रंकेतून काढा. निकाल लागल्यावर वैधतेच्या मागे धावणारा बाप आणि प्रवेशाची शेवटची तारीख ह्यांची शर्यत आम्ही अनेकदा पाहिली आहे, आणि बापच हरतो. मुलगा अकरावीस जाताच हा अर्ज टाकावा. मंडळाने एक गोष्ट करावी, असे आम्ही सुचवितो. ज्या घराण्याची वैधता एकदा झाली, त्याच्या वंशावळीची व प्रमाणपत्राची प्रत त्या घराण्याच्या संमतीने मंडळाच्या कपाटात राहावी. एका भावकीतील दहा घरांचे हेलपाटे त्याने वाचतील.

पैशाची गोष्ट काढल्यावाचून भाषण पुरे होणार नाही. शासकीय महाविद्यालयाची वर्षाची फी हजारांत मोजावी लागते, खासगीची लाखांत. खासगी महाविद्यालयांची फी ठरविण्यासाठी राज्यात २०१५ च्या कायद्याने प्राधिकरण आहे. त्याने ठरविलेला आकडा जाहीर असतो, तो पाहावा. मुलींसाठी २०२४-२५ पासून फार मोठी सोय झाली आहे. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत आहे, अशा इतर मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल वर्गांतील मुलींस केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क शंभर टक्के माफ आहे. पूर्वी निम्मे होते. "मुलगीच आहे, एवढा खर्च कशाला" असे म्हणणाऱ्या गृहस्थांस आता ते वाक्य बदलावे लागेल! व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास ही सवलत नाही, हेही त्याच वेळी सांगून ठेवतो. फीखेरीज उपकरणे, मेण, प्लास्टर, पुस्तके, वसतिगृह हा खर्च राहतोच. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हत्यारे स्वतःची घ्यावी लागतात, आणि ती स्वस्त नसतात.

आता अप्रिय भाग. बाग गहाण टाकून, काजूचे कलम विकून व्यवस्थापन कोट्यातील बीडीएसची जागा घ्यावी काय? आमचे उत्तर, बहुतेक घरांच्या बाबतीत, नाही असे आहे. २०२०-२१ ह्या वर्षी देशात बीडीएसच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या होत्या. तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती पात्रतेची रेषा दहा पर्सेंटाइलने खाली आणावयास सांगितले आणि खासगी महाविद्यालयांनी फी कमी करण्याचा विचार करावा, असेही सुचविले. जागा रिकाम्या राहतात ह्याचा अर्थ उघड आहे. नव्या पदवीधरास दुसऱ्याच्या दवाखान्यात साहाय्यक म्हणून जो पगार मिळतो, तो ऐकून पालकांचे तोंड उतरते. स्वतःचा दवाखाना काढावयाचा तर खुर्ची, कंप्रेसर, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाचे यंत्र हे भांडवल लागते. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ही यंत्रे गंजतात आणि पावसाळ्यात वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नाही, हा आमचा स्वानुभव. एमडीएस ही पुढची पदवी तीन वर्षांची. तिच्या नऊ शाखा आहेत आणि तिची प्रवेशपरीक्षा निराळी. भूदलाच्या दंतविभागात कमिशन घेऊन जाण्याची वाटही आहे. हा विभाग १९४१ पासूनचा. परदेशाचे म्हणाल तर आपल्या बीडीएसवर अमेरिकेत थेट दवाखाना उघडता येत नाही. तेथील महाविद्यालयात बहुधा आणखी दोन-तीन वर्षे शिकून, परीक्षा देऊन मगच परवाना.

मग हा धंदा वाईट काय? मुळीच नाही. दहा वर्षे टिकून, गाव न सोडता, रोज संध्याकाळी घरी जेवावयास येणारे आणि माणसांचा दुवा घेणारे दंतवैद्य आपल्या तालुक्यात आहेत. कर्ज डोक्यावर न घेता जो ह्या वाटेने जातो त्यास ती सुखाची आहे, आणि म्हणूनच शासकीय जागेसाठी एक वर्ष अधिक अभ्यास करणे हे खासगी जागेसाठी बाग विकण्यापेक्षा आम्हांस शहाणपणाचे वाटते.

ज्यांस पाच वर्षे आणि 'नीट' ह्यांपैकी काहीच झेपणारे नाही, त्यांच्यासाठी एक दुसरी वाट आहे आणि तिचे नाव आपल्या गावात कोणी घेत नाही. ती डेंटल हायजिनिस्टची. १९०६ साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स ह्यांनी आयरीन न्यूमन ह्या आपल्या साहाय्यक बाईस रुग्णांचे दात स्वच्छ करण्याचे व निगा शिकविण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले. १९१३ मध्ये त्यांनी त्यासाठी शाळाच काढली आणि पहिल्या तुकडीतून सत्तावीस जणी बाहेर पडल्या. दात किडल्यावर भरण्यापेक्षा तो किडूच न देणारा माणूस वेगळा तयार करावा, ही ती कल्पना. आपल्या १९४८ च्या कायद्याने ह्या व्यवसायाची व्याख्या केली व त्याची स्वतंत्र नोंदवही ठेवली. बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेतलेल्यांस हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. दातांवरचे कीटण काढणे, दात घासून चकचकीत करणे, हिरड्यांची निगा शिकविणे हे त्याचे काम. दात काढणे वा भरणे त्याच्या अधिकारात नाही आणि काम दंतवैद्याच्या देखरेखीखाली करावयाचे. कवळ्या व दातांची साधने बनविणाऱ्या डेंटल मेकॅनिकचा अभ्यासक्रमही असाच दोन वर्षांचा. हाताने कुशल पण पुस्तकास कंटाळणाऱ्या मुलास तो विशेष योग्य.

मात्र येथे फसवणुकीस फार जागा आहे. चार-सहा महिन्यांत 'डेंटल असिस्टंट'चे प्रमाणपत्र देऊ, अशा पाट्या शहरांतून दिसतात. तशा प्रमाणपत्रावर हायजिनिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमास दंत परिषदेची मान्यता आहे काय आणि राज्य दंत परिषदेत नोंदणी होईल काय, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. आणखी एक सत्य सांगावयास हवे. खेड्यातील एका खुर्चीच्या दवाखान्यास हायजिनिस्ट ठेवणे परवडत नाही. नोकऱ्या आहेत त्या मुंबई, पुणे, पणजी अशा शहरांत आणि मोठ्या रुग्णालयांत.

पण काम म्हणाल तर ते आपल्या गावातच किती पडलेले आहे! आपल्या आयाबहिणींची सकाळ मशेरीने होते. तव्यावर तंबाखू भाजावयाची, कुटावयाची आणि बोटाने हिरड्यांवर घाशीत अर्धा तास उंबऱ्यावर बसावयाचे. ती दात घासण्याची पूड नव्हे, ती तंबाखू आहे. तिचे व्यसन जडते, हिरड्या दातांवरून मागे सरतात आणि तोंडाच्या कर्करोगास ती निमंत्रण देते. आम्ही ह्याच वाडीतल्या एका आजींस हे सांगावयास गेलो. त्या हसून म्हणाल्या, "बाबा, दात काय, आज ना उद्या पडतलेच." आम्ही डॉक्टर, आम्ही पुरुष, आम्ही मुंबईहून आलेलो, आमचे बोलणे तेथेच संपले. पुढच्या खेपेस आम्ही आमच्या पुतणीस बरोबर नेले. ती शिकाऊ हायजिनिस्ट. तिने आजींच्या हाती आरसा दिला, कीटण कोठे साचले आहे ते बोटाने दाखविले, शेजारच्या तीन बायकांस बोलावून त्यांचीही तोंडे पाहिली आणि तासाभराने चौघीजणी मशेरी सोडण्याविषयी आपसांत बोलत होत्या. सोडली की नाही ते आम्ही सांगू शकत नाही. एकीने सोडली, एवढे नक्की.

मंडळाच्या शिष्यवृत्ती-निधीविषयी कार्यकारिणीपुढे आमची विनंती अशी आहे. निधीतून दरसाल पुष्कळांस थोडे थोडे वाटण्याऐवजी दोन गोष्टींसाठी रक्कम राखून ठेवावी. एक, शासकीय महाविद्यालयात बीडीएसला लागलेल्या मुलास पहिल्या वर्षाच्या उपकरणांसाठी. दुसरी, मान्यताप्राप्त हायजिनिस्ट वा मेकॅनिकच्या अभ्यासक्रमास जाणाऱ्या मुलामुलीस शहरातील खोलीभाड्यासाठी. रक्कम परतफेडीची असावी, बिनव्याजी असावी. आमच्याकडून पहिली वर्गणी आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत.

ज्यांची मुले ह्या वर्षी दहावीत आहेत त्यांनी सभा संपल्यावर मंडपाच्या डाव्या बाजूस थांबावे. गुणपत्रिका आणण्याची गरज नाही. मुलास मात्र बरोबर आणावे. आम्ही उद्या संध्याकाळच्या तुतारी एक्सप्रेसने जाणार आहोत, तोपर्यंत गावातच आहोत.